मी त्याची सासू नाही, हे कळावे

छावणी, किटगुमच्या उत्तरेस
उपवासकाळाचा पहिला मंगळवार, २००८

तीर्थरूप ओलाल दादांस,

धाकटी बहीण जेरोडिना हिचा येशूच्या नावाने सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा वर आला होता तो उतरला का? जिंजाला नदीवरची हवा ओली असते असं ऐकते. छातीला तिळाचं तेल चोळायला सांगा, लगेच औषधाच्या दुकानात पळू नका. मुलं प्रार्थनेला जातात ना? इकडे देवदयेने आम्ही सगळे दोन पायांवर आहोत. (हे वाक्य दर पत्रात असतं म्हणून घाईने पुढे गेला असाल तर मागे या आणि पुन्हा वाचा. या खेपेला ते मोजून लिहिलं आहे.)

तुमचं नाताळातलं पत्र पोचलं. चारच ओळी होत्या आणि मागची बाजू कोरी, म्हणून हे उत्तर मी तिच्यावरच सुरू केलं आहे. कागद काय झाडाला लागतात? तुम्ही लिहिलंत की जंगलातून आलेल्या पोराला आपली लान्येरो द्यायची नाही, त्याला ईस्टरच्या आत वाटेला लाव. माझ्या पोरीचा बाप गेल्यापासून तुम्हीच तिचे वडील, तेव्हा तुमचा शब्द तो शेवटचा. मी त्याच दिवशी कोमाकेचला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, की दादांचा नकार आहे, तू कोणाचा जावई नाहीस. तो आंब्याच्या झाडाकडे तोंड करून उभा होता. त्याने मान हलवली आणि जाऊन माझ्या झोपडीचं गळणारं छप्पर नीट करायला घेतलं. आता छप्पर अर्धं उघडं असताना मी त्याला हाकलणार कशी? शिवाय गवत शिवायचं दाभण आमचं होतं, आणि ते त्याच्या हातात.

पण दादा, खरा त्रास वेगळाच आहे. आपली रीत तुम्हाला मी सांगायला नको. जावयाने सासूच्या तोंडाकडे बघू नये, तिच्यासमोर जेवू नये, तिच्याशी थेट बोलू नये. मध्ये कोणीतरी तिसरा हवा. चांगली रीत आहे, घरोघरी शांतता राहते. पण ती जावयाला! या पोराकडून देजाची एक गायही आपल्या अंगणात आलेली नाही, तुमचा होकार नाही, आणि हा माझ्यापासून तोंड फिरवून उभा राहतो. म्हणजे न बोलता सगळ्या छावणीला सांगतो की ही माझी सासू. आणि मीसुद्धा रीतीप्रमाणे तोंड फिरवलं, तर झालंच की. मीच त्याला जावई करून घेतल्यासारखं. म्हणून गेले सात आठवडे मी त्याच्या पाठीमागून वळसा घालून त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहते आहे. मी पुढे गेले की तो वळतो. तो वळला की मी पुन्हा वळसा घालते. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, गळ्यात जपमाळ, आणि आंब्याभोवती फेऱ्या! शेजारच्या बायका शेंगा सोलायच्या सोडून बघत बसतात. एकजण परवा म्हणाली, ''जेरोडिना, लग्न त्याचं लावायचंय की तुझं?'' उपवासकाळ चालू आहे म्हणून मी काही बोलले नाही. (नंतर बोलले.)

आता मुद्द्यावर येते. ही छावणी ज्याच्या जमिनीवर आहे त्याने सांगितलं आहे, की ईस्टरनंतर झोपड्या पाडायच्या, त्याला ज्वारी पेरायची आहे. बरोबर आहे त्याचं. अकरा वर्षं आम्ही त्याच्या शेतात मुळासारखे रुतलो. तेव्हा लाकोरेला आपल्या घराच्या जागी जाऊन काय उरलं आहे ते बघणं भाग होतं. रस्ता ओढ्यापर्यंत साफ झाला आहे. सुरुंग काढणारी माणसं तिथवर आली आणि पावसामुळे परत गेली. ओढ्यापासून आपल्या चिंचेपर्यंतची पायवाट 'पुढच्या वर्षी' असं सांगतात. पुढच्या वर्षापर्यंत मी लान्येरोला घेऊन कुठे राहू, चर्चच्या घंटेखाली? ती वाट माहीत असलेला माणूस सगळ्या छावणीत एकच. दहाव्या वर्षी बंडखोरांनी त्याला उचलून नेलं आणि आठ वर्षं त्याच डोंगरांत वागवलं. नाव तुम्ही ओळखलंत. मी त्याला जावई म्हणून नव्हे, वाटाड्या म्हणून नेलं. मध्ये तिसरा असावा म्हणून धर्मशिक्षक पाओलिनो यांना सोबत घेतलं. आणि एक कोंबडी घेतली, कारण ती मागे ठेवली असती तर परत आल्यावर फक्त पिसं भेटली असती.

गेल्या बुधवारी राखेचा टिळा लावून आम्ही निघालो. लॉरीवर कोळशाची पोती, त्यावर तीसएक माणसं, त्यावर आम्ही. कोमाकेच चढला आणि बोलणं एकदम थांबलं. मला कळेना. मग एका बाईने आपलं पोर पदराखाली ओढलं तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट! तुम्ही दूर आहात म्हणून सांगते, इकडे अजून सकाळी वाटेवर बंडखोरांच्या तसल्या बुटांचा ठसा दिसला तर लोक चूल न पेटवता पळतात. तहाची बोलणी चालली आहेत, सही झालेली नाही, आणि हा शहाणा तेच बूट घालून लॉरीवर! माणसं इतकी सरकली, इतकी सरकली, की आम्हाला पाय पसरून बसायला जागा झाली. (एवढ्या आरामात मी त्या लॉरीतून कधी गेले नव्हते. हे मी देवाजवळ कबूल केलं आहे.) मी त्याला दटावलं, ''अरे, दुसरे काही मिळाले नाहीत घालायला?'' तो पाओलिनोंकडे बघून म्हणाला, ''गुरुजी, त्यांना सांगा, गवतात साप असतात, आणि माझ्याकडे दुसरे नाहीत.'' पाओलिनोंनी मला सांगितलं. मी दोन हात लांब होते, मला ऐकू आलं होतं.

नाक्यावर सैनिकांनी लॉरी थांबवली. एक तरुण सैनिक, दक्षिणेकडचा, बोलण्यावरून कळत होतं, त्याची नजर बुटांवर पडली आणि बंदुकीचा पट्टा खांद्यावरून खाली आला. कोमाकेचला खाली उतरवलं. कागद दाखवला; माफीचा कागद त्याच्याकडे आहे, घामाने पार पातळ झालेला. सैनिकाला तो पटेना. ''ही बाई तुझी कोण?'' म्हणून त्याने विचारलं, तर हा माझ्याकडे पाठ करून गप्प. ''तिच्याकडे बघून बोल!'' हा आणखी वळला. दादा, लॉरीतल्या प्रत्येकाला कळत होतं तो का वळतो ते. फक्त त्या सैनिकाला कळत नव्हतं, आणि बंदूक त्याच्याच हातात होती. पाओलिनोंनी वरून ओरडून सांगितलं, ''साहेब, ती त्याची सासू आहे, आमच्यात बघत नाहीत!'' मी लगेच म्हटलं, ''मी सासू नाही!'' (सत्य ते सत्य.) सैनिक म्हणाला, ''सासू नाही, मग हा तोंड का लपवतो?'' आणि त्याने दुसऱ्याला हाक मारली. दुसरा आला. त्याने कोमाकेचला गुडघ्यांवर बसवलं. कोमाकेच बसला, हात डोक्यामागे गेले, कोणी न सांगता. ते हात इतके सवयीने गेले, दादा. त्या हातांनी आठवडाभर माझं छप्पर शिवलं होतं.

तेव्हा मी म्हटलं, ''आहे. सासू आहे. झालं?''

हे मी दडपणाखाली म्हटलं आणि त्याला काही किंमत नाही. पण सैनिकाचा चेहराच बदलला. म्हणाला, ''मग आधी सांगायचं ना, आई. माझी सासू असती तर मी त्या लॉरीत चढलोच नसतो, नाक्यालाच राहिलो असतो.'' आणि सगळी लॉरी हसली, त्या पदराखालच्या पोरासकट. पुढच्या वाटेवर एका म्हातारीने कोमाकेचला भाजलेला रताळ्याचा तुकडा दिला. त्याने तो हातात धरून ठेवला; माझ्यासमोर खायचा नाही ना. ओढ्यापर्यंत तो रताळं धरून बसला. मी शेवटी पलीकडे बघितलं. डोळ्यांत कोळसा गेला होता म्हणून.

ओढ्याजवळ उतरलो. सुरुंगवाल्यांनी ओढ्याच्या कडेने रंगीत काठ्या ठोकल्या होत्या असं गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं होतं. पांढऱ्या टोकाची म्हणजे साफ, तांबड्या टोकाची म्हणजे पाऊल टाकू नका. तिथे एकही काठी नव्हती. नुसती भोकं. कोणीतरी उपटून नेल्या होत्या. मी त्या चोरांना नरकात कुठली जागा मिळेल ते सांगायला तोंड उघडलं, आणि मला आठवलं, की नोव्हेंबरात बाजारात एक माणूस सरळ, गुळगुळीत, टोकाला रंग दिलेल्या काठ्या मिठाच्या भावात विकत होता, आणि माझ्या झोपडीमागे घेवड्याचा वेल तसल्या दोन काठ्यांवर चांगला चढला आहे. एक पांढरी, एक तांबडी. मी तोंड मिटलं. पाओलिनो म्हणाले, ''काय झालं?'' मी म्हटलं, ''काही नाही, माळ म्हणत होते.'' (हे पाप मी वेगळं सांगितलं. फादरांनी विचारलं घेवडा कसा आला आहे.)

इथे पाओलिनोंना एकाएकी साक्षात्कार झाला, की आपली प्रार्थना ओढ्याच्या अलीकडूनच जास्त चांगली पोचेल. त्यांनी बायबल उघडलं आणि दगडावर बसले. पुढे आम्ही दोघंच. आणि मध्ये बोलायला तिसरं माणूस नाही. कोमाकेच थोडा वेळ घुटमळला, मग माझ्या काखेतल्या कोंबडीकडे, म्हणजे तिच्या शेपटीकडे बघून अतिशय अदबीने म्हणाला, ''कोंबडीबाई, मी पुढे चालतो. तुम्ही माझ्या बुटांच्या ठशावरच पाय ठेवायचा. ठशाबाहेर एक बोटसुद्धा नाही.'' मी म्हटलं, ''कोंबडी कशाला, माझ्याशी बोल! मी तुझी कोणी नाही!'' तो कोंबडीला म्हणाला, ''आणि ओरडायचं नाही. मला जमिनीकडे लक्ष द्यायचंय.''

गवत माझ्या डोक्यावरून उंच. या वर्षी जाळायलाच कोणी नव्हतं. तो हातातल्या काठीने गवत बाजूला करी, थांबे, बघे, एक पाऊल टाकी. मी त्या पावलात पाऊल टाकी. ज्या ठशाला आपला सगळा अचोली मुलूख भितो, तो ठसा सोडून दुसरीकडे पाय ठेवायची मला भीती वाटत होती. चिंच समोर दिसत होती, आपण लहानपणी एका दमात पळत जायचो एवढ्यावर, आणि आम्हाला निम्म्या वाटेला जायला सूर्य डोक्यावर आला. मध्येच तो म्हणे, ''कोंबडीबाई, डावीकडे मुंग्यांचं वारूळ आहे, त्याच्या मुळाशी एक आहे.'' मी म्हणे, ''तुला कसं माहीत?'' पुन्हा चार पावलं. ''कोंबडीबाई, आता उडी नाही, फक्त लांब टांग.'' मी टांग टाके. कोंबडीचं काळीज माझ्या हाताला लागत होतं, की माझंच, ते कळत नव्हतं.

मग तो थांबला तो थांबलाच. मी म्हटलं, आता काय? शेवटी म्हणाला, ''कोंबडीबाई, इथे एक काळा बैल मेला. मला डोंगरावरून आवाज ऐकू आला होता. इथले तीन मी पुरले. माझ्या हातांनी. चौदा वर्षांचा होतो. न पुरता परत गेलो असतो तर मलाच त्या खड्ड्यात घातलं असतं, पण पुरले मीच. एक बैलाने घेतला. एक पुढच्या वर्षी आपोआप उडाला. एक आहे.''

दादा, काळा बैल म्हणजे तुमचा. तो देजात देऊन तुम्ही थोरल्या मुलाला बायको आणणार होतात. त्या बैलापायी त्याचं लग्न दोन वर्षं लांबलं. माझ्या डोक्यात अशी आग गेली की काय सांगू. मी त्याच्या पाठीवर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, उपवासकाळ आहे. तो तसाच पाठ करून उभा. मला वाटलं, इतकी मोठी गोष्ट हा कोंबडीला सांगतो! माझ्या तोंडाकडे बघून सांगू दे! आणि सात आठवड्यांची सवय, दुसरं काय. मी वळसा घातला. त्याच्या तोंडासमोर जायला वाटेच्या बाहेर पाय टाकला.

पाय जमिनीला लागला नाही. मध्येच घोट्यात कोणीतरी सांडशीसारखं धरलं. तो कधी वळला, कधी गुडघ्यांवर आला, मला कळलं नाही. दोन्ही हातांनी माझा घोटा धरला होता आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघत होता. ''आई, पाय खाली ठेवू नका.'' कोंबडीला नाही. मला. त्याचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले. लान्येरोपेक्षा मोठा नाही हो तो.

कोंबडी काखेतून सुटली आणि माझ्या पायाखाली जिथे पाय पडायचा होता तिथे जाऊन चोचीने माती उकरायला लागली. हिरवट, बशीएवढी कडा वर आली. मी डोळे मिटले. तो हळूच म्हणाला, ''तिचं वजन पुरत नाही, आई. तुमचं पुरलं असतं.'' (हे त्याने धीर द्यायला म्हटलं असं मी धरून चालते.) मी एका पायावर उभी राहिले. दहा 'नमो मारिया' पुऱ्या झाल्या. तेवढ्यात त्याने इंच इंच करून माझा पाय मागे आणला, स्वतःच्या ठशावर ठेवला, बोटं नीट आत आहेत का बघितलं, आणि मगच घोटा सोडला. मग कोंबडीला काठीने हुसकून जवळ घेतलं, कडेला चार दगड रचले, त्यावर आपला तांबडा रुमाल बांधला. एवढं सगळं झाल्यावर तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. पाठ हलत होती.

मी वळसा घातला नाही. (जागा नव्हती.) त्याची पाठ थांबेपर्यंत मी मागे उभी राहिले. मग म्हटलं, ''कोंबडी विचारते आहे, पुढे जायचं का?'' तो म्हणाला, ''हो म्हणावं.''

चिंचेखाली पोचलो. भिंती गेल्या आहेत, पण कणगीचे दगड चारही जागेवर आहेत आणि माझं जातं अर्धं मातीत आहे. मी त्याच्यावर बसले. तो दूर झाडामागे जाऊन खिशात उरलेलं रताळं खाऊन आला. खांबांसाठी चार झाडं त्याने हेरली आहेत, खड्ड्यांच्या जागाही आखल्या. येताना त्याच ठशांवरून आलो. ओढ्यावर पाओलिनो आमची वाट बघत झोपले होते. घरी आल्यावर मी माझ्या वहीत लिहिलं: ओढ्यापलीकडे माणसांचे पाय, नेले चार, आणले चार. हिशेब जुळला.

तर असं आहे. तुमच्या आज्ञेप्रमाणे तो आमचा कोणी नाही. तुम्ही सुखी राहा, वहिनींना माझा सलाम, मुलांना देवाचा आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक बहीण,
जेरोडिना

ता. क. दादा, एक अडचण उरली. जावयाने सासूला हात लावला तर रीतीप्रमाणे त्याच्याकडून एक शेळी दंड घ्यायची. पण जावईच नसेल तर मग परक्या पुरुषाने एका विधवेचा पाय धरला असं होतं, आणि ते प्रकरण एका शेळीवर भागत नाही, त्यात दोन कुळं बसतात आणि दोन्हीकडचं जेवण घालावं लागतं. मी सगळ्या बाजूंनी बघितलं. घराण्याच्या अब्रूच्या दृष्टीने आणि खर्चाच्या दृष्टीनेही त्याला जावई ठरवून शेळी मागणंच स्वस्त पडतं. दंड सांगायला कुळातला मोठा पुरुष लागतो. म्हणजे तुम्ही. ईस्टरच्या सोमवारी याल का?

ता. क. बैलाचं त्याला स्वतःच तुम्हाला सांगायचं होतं. त्याच्या वाटेतलं तेवढं ओझं मी आधी उचललं आहे. तुम्ही आधीच रागावून घ्याल, म्हणजे तो बोलेल तेव्हा थोडा राग संपलेला असेल.

ता. क. टपालाने गेलं असतं तर ईस्टर उलटून गेला असता, म्हणून हे पत्र मी त्याच्याच हाती दिलं आहे. तो आत्ता तुमच्या दारात उभा आहे. पत्र लांब झालं, तेव्हा बराच वेळ उभा असेल. त्याला वाचता येत नाही. तिसरीतून नेलं होतं. मी काय लिहिलं ते त्याला ठाऊक नाही, त्याने विचारलंही नाही. मामासासऱ्यांकडे बघायला बंदी नाही, म्हणून पहिल्या ओळीपासून तो तुमच्या तोंडाकडे बघतो आहे, आणि काय ठरलं ते त्याला तिथेच कळणार आहे. तेव्हा दादा, वर बघण्याआधी जरा तोंड नीट करा.